लपलेले मद्यव्यसन : ओळखावे कसे, मदत घ्यावी कोठे

आमच्या रुग्णालयाच्या प्रवेश-अर्जात नाव, वय, पत्ता आणि पूर्वीचे आजार यांच्याखाली ‘व्यसन असल्यास’ असा एक रकाना अनेक वर्षे छापलेला होता. त्यात बहुधा ‘नाही’ एवढाच शब्द लिहिलेला आढळे. वार्षिक अहवाल तयार करताना आम्ही खाटा, शस्त्रक्रिया, देणग्या आणि खर्च यांचा ताळमेळ काटेकोरपणे लावतो. परंतु या रकान्यातील ‘नाही’ आणि प्रत्यक्ष वॉर्डातील परिस्थिती यांचा ताळमेळ कधी लागला नाही. लोणावळा आणि मावळ परिसरातील कुटुंबांना, तसेच आमच्या देणगीदारांना व हितचिंतकांना या विषयाची नीट माहिती व्हावी, म्हणून यंदाच्या अहवालात हा लेख समाविष्ट करीत आहोत.

प्रारंभी एक हकीकत सांगणे आवश्यक वाटते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. पवन मावळातील एक साठीचे निवृत्त गृहस्थ घराच्या जिन्यावरून पडले आणि खुब्याचे हाड मोडल्याने आमच्याकडे दाखल झाले. गावात मान, भजनी मंडळात पेटी वाजविणारे, बोलणे अत्यंत मृदू. अर्ज भरताना त्यांच्या पत्नीने ‘आमचे माळकरी घर आहे’ असे सांगितले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. तिसऱ्या रात्री मात्र त्यांचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला, चादरीवर मुंग्या चालत आहेत असे ते सांगू लागले आणि सलाइनची नळी ओढून खाटेवरून उतरू लागले. भुलीचा परिणाम, जंतुसंसर्ग, रक्तातील क्षार अशा शक्यता डॉक्टर तपासत असताना त्यांच्या सूनबाईंनी परिचारिकेला बाजूला घेऊन हळूच सांगितले, ‘तांदळाच्या कोठीमागे बाटल्या असतात. रोज लागते त्यांना. सासूबाईंना सांगू नका, मी बोलले म्हणून.’

त्या एका वाक्यामुळे योग्य उपचार तत्काळ सुरू झाले आणि गृहस्थ वाचले. परंतु ते वाक्य दाखल होतानाच कळले असते, तर ती रात्र आलीच नसती. झाल्या प्रकाराचा विचार करता चूक केवळ कुटुंबाची नव्हती, आमचीही होती, हे आम्ही येथे मान्य करतो. तो प्रश्न आमचा कर्मचारी खिडकीवर, मागे रांग उभी असताना, मोठ्या आवाजात विचारीत असे. चार गावकऱ्यांसमोर ‘होय’ असे उत्तर कोण देईल?

लपविणे का घडते

आपल्या समाजात मद्यपी म्हटला की रस्त्याच्या कडेला पडलेला, शिव्या देणारा, घरातील भांडी विकणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. त्यामुळे जो वेळेवर कामावर जातो, कोणाशी भांडत नाही, मुलांची फी भरतो, तो व्यसनी असू शकेल हे कोणाच्या मनात येत नाही; त्याच्या स्वतःच्याही नाही. ‘मी काय दारुडा आहे का?’ हा त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो, कारण तो स्वतःची तुलना त्या रस्त्यावरच्या माणसाशी करीत असतो.

त्यात आपल्या भागाची काही वैशिष्ट्ये आहेत. लोणावळा हे पर्यटनाचे ठिकाण आहे. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशी धरण, लोहगड आणि पवना धरणाच्या परिसरात गर्दी लोटते. हॉटेले, बंगले आणि वाहतूक यांवर असंख्य कुटुंबांची चूल पेटते. पाहुण्यांच्या मेजवान्यांत मद्य असते आणि रात्री उरलेली बाटली कामगाराच्या हाती येते. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली, जमिनींचे भाव चढले. भात लावणाऱ्या घरांत एकाएकी मोठी रक्कम आली; काही घरांनी तिचे सोने केले, काही घरांत तिच्याबरोबर बाटलीही आली. शहरातून निवृत्त होऊन येथील बंगल्यात राहावयास आलेल्या वृद्ध दांपत्यांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. मुले दूर, शेजार विरळ, संध्याकाळ लांब. दोन पेग कधी चार होतात ते पाहणारे कोणी नसते.

स्त्रियांच्या बाबतीत तर गुप्तता दुहेरी असते. झोप लागत नाही, अंग दुखते, मन उदास असते म्हणून सुरू झालेले सेवन घराबाहेर कळणे म्हणजे आयुष्याची नाचक्की, या भीतीने कित्येक जणी उपचाराच्या दारापर्यंत येतच नाहीत.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील सुमारे १६ कोटी भारतीय मद्य घेतात आणि त्यांपैकी सुमारे २ कोटी ९० लाख लोक मद्यावर अवलंबून आहेत. या अवलंबून असणाऱ्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या प्रकारचा उपचार मिळतो. उरलेले ३७ कोठे आहेत? ते आपल्याच घरांत, कार्यालयांत आणि आमच्या वॉर्डांत ‘व्यसन : नाही’ या शब्दांमागे आहेत.

‘फक्त बिअर घेतो’ याचा हिशेब

प्रमाण लपविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे शब्द. ‘थोडीशी’, ‘कधीतरी’, ‘फक्त बिअर’ हे शब्द नातेवाइकांचे समाधान करतात. म्हणून साधा हिशेब मांडतो. विदेशी म्हणून विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रमची १८० मिलिलिटरची क्वार्टर, म्हणजेच बोलीभाषेतील चपटी, घेतली तर शरीरात सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. ८ टक्के अल्कोहोल असलेल्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असते. अर्थात अशा दोन बाटल्या बिअर घेणारा मनुष्य चपटी घेणाऱ्यापेक्षा अधिक मद्य घेत असतो. यकृताला लेबल वाचता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याच्या दृष्टीने पूर्णपणे सुरक्षित असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. मद्य कर्करोगास कारणीभूत ठरते, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच नोंदविले आहे. तथापि या लेखाचा विषय मद्यापासून होणारे सर्व अपाय हा नसून, ज्याला मद्यावाचून चालत नाही आणि ते कोणाला कळत नाही, त्या माणसाचा शोध हा आहे.

ओळखण्याच्या खुणा

एकाच खुणेवरून निष्कर्ष काढू नये. खालीलपैकी अनेक खुणा एकत्र आणि वारंवार दिसत असतील, तर मात्र दुर्लक्ष करू नये.

शरीराच्या खुणा : सकाळी चहाचा कप धरताना हात थरथरणे आणि दुपारनंतर ते आपोआप थांबणे, सकाळी मळमळ, कोरडी उलटी, पुन्हा पुन्हा होणारी पित्ताची तक्रार, औषधे घेऊनही ताब्यात न येणारा रक्तदाब वा मधुमेह, झोप मध्यरात्री मोडणे, भूक मंदावणे, वृद्धांमध्ये वारंवार पडणे व विस्मरण. रक्ततपासणीत यकृताची काही द्रव्ये वाढलेली दिसू शकतात, परंतु यकृताचा अहवाल चांगला आला म्हणजे व्यसन नाही, असे समजू नये.

वागण्याच्या खुणा : सतत वेलची, लवंग, पान वा सुगंधी सुपारी तोंडात ठेवणे, ठरावीक वेळी ‘जरा जाऊन येतो’ म्हणून बाहेर पडणे आणि त्या वेळी कोणी अडविल्यास अकारण संताप, समारंभाला निघण्यापूर्वी एकट्याने खोलीत वेळ काढणे, स्कूटरची डिकी, कपाटाचा वरचा कप्पा किंवा संडासची टाकी यांना इतरांनी हात लावू नये असा आग्रह, पाण्याच्या वा शीतपेयाच्या बाटलीत मद्य ओतून ठेवणे, काल रात्री झालेले बोलणे आज न आठवणे, सोमवारी कामावर दांडी.

पैशाच्या खुणा : आमचा आयुष्यभराचा संबंध हिशेबाशी असल्याने याविषयी विशेष सांगावेसे वाटते. व्यसन पुष्कळदा तोंडाच्या वासाआधी पैशाच्या हिशेबात दिसते. पगार तोच, घर तेच, परंतु महिन्याच्या वीस तारखेनंतर उसनवारी सुरू होते. पतसंस्थेचे छोटे कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढले जाते. दागिना ‘पॉलिशला दिला आहे’ असे कळते. मोबाइलवरून पैसे देण्याची सोय असूनही रोख रक्कम मात्र रोज थोडी थोडी काढली जाते. खर्च कोठे झाला, या साध्या प्रश्नावर उत्तराऐवजी राग येतो.

श्रावण पाळला म्हणजे व्यसन नाही?

आमच्याकडे येणारे नातेवाईक एक पुरावा हमखास देतात : ‘श्रावण पूर्ण पाळतात, थेंब घेत नाहीत.’ हा पुरावा काळजीपूर्वक तपासावा लागतो. महिनाभर मद्य सोडता येणे ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्याने व्यसन नसल्याचे सिद्ध होत नाही. आषाढी अमावास्येला किती घेतली गेली? श्रावणाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत झोप, घाम, हातांची थरथर, चिडचिड यांचे काय झाले? महिनाभर दिवस मोजले जात होते काय? आणि महिना संपताच प्रमाण पूर्वीपेक्षा वाढले काय? या प्रश्नांची उत्तरे ‘थेंब घेत नाहीत’ या वाक्यापेक्षा अधिक बोलकी असतात.

स्वतःची परीक्षा करण्यासाठी चार प्रश्नांची एक पद्धत जगभर वापरली जाते. अमेरिकेतील डॉ. जॉन युइंग यांनी ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली. प्रश्न असे : पिणे कमी करावे असे आपणांस कधी वाटले आहे काय? आपल्या पिण्याबद्दल कोणी बोलले म्हणून राग आला आहे काय? पिण्याबद्दल अपराधी वाटले आहे काय? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावेत किंवा डोके उतरावे म्हणून मद्य घेतले आहे काय? दोन वा अधिक उत्तरे ‘होय’ असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तर विलंब करू नये. ही चार उत्तरे कोणाला दाखविण्याची गरज नाही. ती स्वतःशी खरी दिली तरी पहिले पाऊल पडते.

एकाएकी सोडण्यातील धोका

हा भाग प्रत्येक कुटुंबाने लक्षपूर्वक वाचावा, अशी आमची विनंती आहे.

बोरघाट उतरणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. चालकाने ब्रेक दाबून धरला आहे आणि गाडी पुढे जावी म्हणून त्याच वेळी ॲक्सिलरेटरही दाबला आहे. मद्य हा मेंदूवरील ब्रेक आहे. रोज मद्य मिळू लागले की मेंदू आपली उत्तेजना वाढवून त्याला तोंड देतो आणि बाहेरून सर्व काही सुरळीत दिसते. एके दिवशी ब्रेक अचानक निघाला, तर दाबलेला ॲक्सिलरेटर तसाच राहतो. शेवटच्या पेयानंतर साधारण ६ ते २४ तासांत थरथर, घाम, धडधड व अस्वस्थता सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या सुमारास काही रुग्णांना भ्रम होतो, नसलेली माणसे वा किडे दिसतात, ताप चढतो. जुनी माणसे यालाच ‘वात झाला’ म्हणत. वेळेवर उपचार न मिळाल्यास यात मृत्यू येऊ शकतो.

म्हणूनच अपघात, बाळंतपण, हर्निया किंवा मोतीबिंदू अशा कोणत्याही कारणाने रुग्ण दाखल होताना मद्याची माहिती देणे हे रक्तगट सांगण्याइतकेच महत्त्वाचे आहे. ती आधी कळली तर डॉक्टर ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि मेंदूची उत्तेजना क्रमाक्रमाने उतरविणारी औषधे वेळेवर सुरू करतात, भुलीचे प्रमाण त्यानुसार ठरवितात आणि तिसरी रात्र शांतपणे पार पडते. माहिती उशिरा कळली तर तोच रुग्ण अतिदक्षता विभागात जातो, मुक्काम वाढतो, बिल वाढते आणि कधी कधी जिवावर बेतते. खर्चाच्या बाजूने पाहिले तरी ‘नाही’ हा प्रवेश-अर्जातील सर्वांत महाग शब्द आहे.

आपल्या मावळाला देहूचा शेजार आहे. माळ घालून, वारी धरून दारूपासून सुटलेली माणसे गावोगावी आहेत आणि त्या श्रद्धेचे मोल आम्ही जाणतो. सुटल्यानंतर सुटलेले राहण्यासाठी तिच्यासारखा आधार विरळा. तथापि रोज मोठ्या प्रमाणात घेणाऱ्याने माळ घालण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे जावे. पहिले आठ दिवस औषधांच्या देखरेखीखाली गेले, म्हणून निश्चयाला कमीपणा येत नाही.

कुटुंबाने काय टाळावे

सर्वप्रथम, न सांगता जेवणात वा चहात औषध मिसळणे. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. डायसल्फिरम हे औषध १९४८ पासून मद्यव्यसनाच्या उपचारात वापरले जाते. ते घेतलेल्या माणसाने मद्य घेतल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयावर गंभीर ताण येतो. रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून आणि पूर्ण कल्पना देऊनच ते द्यावयाचे असते. नकळत दिलेली गोळी म्हणजे उपचार नव्हे. तो जिवाशी खेळ आहे. ज्या भुकटीत काय आहे हेच ठाऊक नाही, तिच्याविषयी तर बोलावयासच नको.

दुसरे, सावरून घेणे. साहेबांना फोन करून ‘यांना ताप आहे’ असे सांगणे, परस्पर उधारी फेडणे, पाहुण्यांसमोर झाकून नेणे, हे सर्व प्रेमापोटी घडते. परंतु परिणामांची झळ त्या माणसापर्यंत पोहोचतच नाही आणि त्याला थांबण्याचे कारण मिळत नाही.

तिसरे, प्यालेल्या अवस्थेत वाद घालणे, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून शपथा घ्यावयास लावणे आणि ‘लग्न केले की सुधारेल’ म्हणून परक्या घरची मुलगी या आगीत ओढणे. शपथ मोडते तेव्हा माणसाचा स्वतःवरचा उरलासुरला विश्वासही मोडतो.

बोलावयाचे कसे? सकाळी, तो शुद्धीवर असताना, घरातील एक-दोन विश्वासू माणसांनी, शांतपणे. ‘तुम्ही दारुडे आहात’ असे न म्हणता घडलेली गोष्ट सांगावी : ‘परवा बाबा, तुम्ही नातवाला गाडीवर घेऊन गेलात तेव्हा तुमचा तोल जात होता. मला भीती वाटली. आपण एकदा डॉक्टरांना भेटू. मी बरोबर येते.’ दिवस व वेळ ठरवूनच हे बोलणे संपवावे. घरात मारहाण होत असेल तर मात्र आधी सुरक्षितता पाहावी. तातडीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत, तसेच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही आहे. पतीचे आजारपण हे मार सहन करण्याचे कारण होऊ शकत नाही.

मदत कोठे मिळते

पहिले दार जवळच्या डॉक्टरांचे. शरीराची स्थिती तपासून, घरी राहून उपचार शक्य आहेत की दाखल व्हावे लागेल, हे ते ठरवितात. पूर्वी फिट आलेली असल्यास, भ्रम झालेला असल्यास किंवा वय अधिक व इतर आजार असल्यास दाखल होणेच इष्ट. त्यानंतर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, कारण व्यसनाच्या मुळाशी किंवा सोबतीला उदासीनता व चिंतारोग असू शकतो. ओढ कमी करणारी औषधेही आज उपलब्ध आहेत.

पुण्यात ससून सर्वोपचार रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय या सरकारी सोयी आहेत. येरवड्यातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. त्याची कहाणी देणगीदारांनी आवर्जून जाणून घ्यावी अशी आहे. लेखक अनिल अवचट यांनी १९८० च्या दशकात गर्द या मादक पदार्थावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. व सुनीताबाई देशपांडे व्यथित झाले आणि त्यांनी आर्थिक पाठबळ देऊ केले. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू झाले. डॉ. अनिता १९९७ मध्ये आणि अनिल अवचट २०२२ मध्ये निवर्तले. कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते कार्य पुढे नेले आहे. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट आणि स्त्री-रुग्णांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग, हे त्या कार्याचे विशेष. व्यसन एकाचे असले तरी आजार सर्व घराचा असतो, हा विचार तेथे प्रत्यक्षात आणला गेला. लोणावळ्याहून पुणे स्थानक लोहमार्गाने ६४ किलोमीटरवर आहे. गावातील कोणाला कळू नये अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांना लोकलने सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही व्यसनातून सुटलेल्या माणसांची बंधुसंस्था १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. पुणे परिसरात तिच्या सभा होतात. तेथे फी नाही, आडनाव विचारीत नाहीत. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन या नावाचे स्वतंत्र गट आहेत. दूरध्वनीवरून बोलावयाचे असल्यास केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी १४४४६ आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस सेवा १४४१६ विनामूल्य उपलब्ध आहेत. रुग्ण तयार नसला तरी पत्नी, मुले वा आई-वडील यांनी स्वतःसाठी या क्रमांकांवर बोलावे.

दोन भीतींविषयी स्पष्टपणे

नातेवाईक माहिती लपवितात त्यामागे लाजेखेरीज आणखी दोन कारणे असतात आणि त्यांविषयी गोड बोलून उपयोग नाही. पहिले कारण विम्याचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मद्याच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला असला, तरी अनेक आरोग्य विमा पॉलिसींत व्यसनावरील उपचार वगळल्याची अट असते. आपली पॉलिसी आधीच वाचावी व शंका असल्यास आमच्या कार्यालयात विचारावी. आम्ही खोटी नोंद करीत नाही. परंतु दाव्याचे काय होईल याची खरी कल्पना आधी देऊ शकतो. दुसरे कारण पोलिसांचे. अपघात झालेला चालक प्यालेला होता की नाही, हे कायद्याच्या कक्षेतील काम असून ते ठरल्या पद्धतीनेच होते. डॉक्टरांना खरे सांगितल्याने रुग्णाचे प्राण वाचतात. रक्कम बुडाली तर पुन्हा उभी करता येते.

शेजारी, मालक, सोयरे यांच्यापर्यंत मात्र रुग्णाची माहिती आमच्याकडून जात नाही. उपचारांविषयीची गोपनीयता हा रुग्णाचा कायदेशीर हक्क आहे.

आम्ही काय बदलले, आणि काय मागतो

त्या गृहस्थांच्या तिसऱ्या रात्रीनंतर आम्ही प्रवेश-अर्जातील तो रकाना खिडकीवरून काढून टाकला. आता वॉर्डात, पडदा ओढून, नातेवाइकांना क्षणभर बाहेर थांबवून परिचारिका रुग्णाला विचारते, ‘शेवटचे मद्य कधी घेतले होते?’ प्रश्नाची ही मांडणी मुद्दाम केली आहे. तीत आरोप नाही आणि उत्तर ‘कधीच नाही’ असले तरी तेही सहज देता येते. हाच प्रश्न स्वतंत्रपणे घरच्या एका माणसालाही विचारला जातो. तो प्रत्येक रुग्णाला विचारला जातो. माळकरी, वृद्ध वा स्त्री म्हणून कोणालाही वगळले जात नाही, त्यामुळे कोणाला अपमान वाटण्याचे कारण उरत नाही.

व्यसनमुक्तीत घसरण होते, हेही सांगून ठेवले पाहिजे. सहा महिने दूर राहिलेला माणूस एखाद्या लग्नात पुन्हा पितो आणि घर म्हणते, ‘सारे पैसे वाया गेले.’ मधुमेहाच्या रुग्णाची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण उपचार सोडीत नाही. येथेही तोच न्याय लावावा आणि पुढच्याच दिवशी डॉक्टरांकडे परत यावे. उपरोक्त गृहस्थांचीही एकदा घसरण झाली. त्या वेळी त्यांना पुण्याला घेऊन जाण्यास पुढे आल्या त्या त्यांच्या पत्नी, ज्यांनी आमच्या खिडकीवर ‘माळकरी घर’ असे सांगितले होते. आता दोघे मिळून तपासणीला येतात. कोठीमागची जागा कोण पाहते, हे आम्ही विचारीत नाही.

विश्वस्त मंडळ व देणगीदार यांच्याकडे आमचे मागणे मोठे नाही. समुपदेशनासाठी दार बंद होणारी एक स्वतंत्र खोली, आठवड्यातून ठरावीक दिवशी येणारे मानसोपचारतज्ज्ञ आणि पहिल्या आठवड्याच्या औषधांचा खर्च ज्यांना झेपत नाही अशा रुग्णांसाठी एक राखीव निधी, एवढ्या तीन गोष्टी आम्हांस हव्या आहेत. यंत्रसामग्रीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. या खोलीवर कदाचित कोणतीच पाटी नसेल, कारण तेथे येणाऱ्यास पाटी नकोच असते.

आणि हा अहवाल वाचणाऱ्या प्रत्येक कुटुंबास नम्र विनंती की, घरात असे कोणी आहे असे वाटत असेल, तर या पानावरील चार प्रश्न आणि दोन दूरध्वनी क्रमांक एका कागदावर उतरवून घ्यावेत. तो कागद आज उपयोगी पडला नाही तरी चालेल. दाखल होण्याची वेळ आली, तर मात्र परिचारिकेने पडदा ओढल्यावर खरे सांगावे.